कुमुदबाईंचा रिकामा गाव

कुमुदबाईंसमोर ‘कारण’ हा शब्द काढायची चोरी होती. ‘एसटी चुकली म्हणून उशीर झाला,’ असं कोणी म्हणालं की बाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, एसटी चुकली नसती तर तू नक्की वेळेवर आला असतास? रिक्षा बंद पडली नसती? वाटेत मामा भेटला नसता? मग सगळं त्या एसटीच्या माथी कशाला मारतोस? पुढचं ठरलेलं असे. काय बदललं तेवढं सांग, कशामुळे बदललं ते कळण्याएवढी तुझी अक्कल नाही. या एका शब्दावरून त्यांनी चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना रडवलं आहे. रडणाऱ्याकडे बघून त्यांना वाईट वाटल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.

बाई मूळच्या इथल्याच, आचऱ्यापासून थोडं आत खाडीकाठी असलेल्या एका गावच्या. आयुष्यभर बाहेर मोठ्या संस्थेत संशोधन केलं, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन खोबऱ्याच्या एका जुन्या गोदामात आपलं केंद्र उघडलं. तीन खोल्या, एक लांब टेबल आणि बसायला बाकडी. त्या स्वतः बसत नसत. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गालात सदैव एक आमसूल, अशा त्या दिवसभर उभ्या असत. आमसूल चघळत ऐकत आणि ते दुसऱ्या गालात सरकवलं की समजायचं, आता कोणाचा तरी पाणउतारा होणार. शाबासकी द्यायची वेळ आलीच, तर ती त्या प्रमाण मराठीत देत. कापायचं असेल तेव्हा मालवणी.

त्यांचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, सतत बदलणारी आणि एकमेकांत गुंतलेली व्यवस्था. त्यासाठी त्यांनी समोरची खाडी निवडली होती. खाडीचं मुख वाळूने सरकतं, मासे येतात नि जातात, कांदळवन पसरतं, त्याच्यामागे शेतात खारं पाणी शिरतं, माणसं शेती सोडून होमस्टे काढतात, त्यांचं सांडपाणी परत खाडीत येतं. यातलं एक कोणी सुटं काढून अभ्यासलं तर हाती काहीच लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी पुण्याचा साने नावाचा भौतिकशास्त्रवाला आणला होता, तो संगणकावर पाण्याची मॉडेल्स करी. वैभववाडीची एक मुलगी कांदळवनावर काम करी. गावचाच प्रकाश पक्ष्यांचे आणि चिखलातल्या जिवांचे आवाज टिपत असे, आणि बाईंच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, मला मासळीच्या बाजारासाठी धरलं होतं.

पहिल्याच बैठकीत मी फार तयारी करून गेलो होतो. सुरमईचा भाव का चढतो ते मी फळ्यावर बाण काढून दाखवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे किचकट आहे की गुंतागुंतीचं? मी म्हटलं, एकच की. तिथेच फसलो. घड्याळ किचकट असतं, त्या म्हणाल्या. ते खोलता येतं, पुसता येतं, परत जोडता येतं. खाडी गुंतागुंतीची आहे. ती खोललीस तर जोडायला खाडीच उरत नाही. मग आमसूल दुसऱ्या गालात गेलं.

“तू हायवे आसस रे. कसालाक थांबतस, चाय पितस आणि सरळ फुडे जातस. खाडी अशी चलणा नाय.”

मी कसालचा. माझं घर हायवेवरच आहे. त्या दिवसापासून केंद्रात मी ‘हायवे’च झालो. पुढे त्या शब्दाचा वापर इतका वाढला की साने एखाद्या परदेशी विद्वानाचा लेख वाचून ‘हा अगदीच हायवे आहे’ म्हणायला लागला. मला त्याचा राग येई आणि राग येऊनही बाजारात गेलो की मी भाव विचारायच्या आधी वारा कुठला आहे ते बघू लागलो होतो. बाईंनी मला जितकं शिकवलं तितकं कोणी शिकवलं नाही, आणि हे मान्य करायला मला आजही जड जातं.

सानेची गंमत तर सगळ्यांदेखत झाली. त्याच्या मॉडेलमध्ये भरतीची रेघ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. बाईंनी ती बघितली, त्याला खाडीवर घेऊन गेल्या आणि चिखलात उभं केलं. भरती येऊन पुरती ओसरेपर्यंत हलायचं नाही. स्वतः काठावर उभ्या राहून आमसूल चघळत होत्या. पुण्याचा तो गोरागोमटा माणूस गुडघाभर चिखलात, वर ऊन, पायाला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, चावतायत, आणि काठावर वाडीतली अर्धी बायकामंडळी हसायला जमलेली. त्याची एक चप्पल पाण्याने नेली. बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलं, ‘चप्पल गेली. कारण अज्ञात.’ पण त्या दिवशी सानेला पायाखाली कळलं की पाणी नुसतं वरून येत-जात नाही, कुर्ल्यांच्या बिळांतून चिखल ते पीतही असतो आणि नंतर सावकाश सोडतही असतो. त्याचं मॉडेल सुधारलं. तो बाईंच्या पाया पडला. मला ते बघवलं नाही.

कांदळवनवाल्या मुलीचं तसं झालं नाही. ती वर्षभर एका पट्ट्यातली झाडं बघत होती, प्रत्येक झाडाला तिने खूण बांधली होती. एके दिवशी कोणीतरी रस्त्यासाठी तो पट्टा बुंध्यातून छाटून टाकला. पोरगी केंद्रात येऊन ढसाढसा रडली. आम्ही तिला पाणी दिलं, साने तर स्वतःच रडवेला झाला. बाईंनी विचारलं, सगळीच गेली का? ती हो म्हणाली. बाईंचा चेहरा उजळला. इतका स्वच्छ बदल नशिबाने मिळतो, त्या म्हणाल्या, आता आधी आणि नंतर दोन्ही आपल्याकडे आहे. “रडान झाला काय खोडां मोजूक घे.” मुलीने खोडं मोजली, निबंध लिहिला, तो छापून आला आणि ती घरी वैभववाडीला निघून गेली ती परत खाडीकडे फिरकली नाही. बाईंनी तिची आठवण काढली ती एकदाच, मोजमापाची टेप सापडत नव्हती तेव्हा.

हे सगळं मी सांगतो आहे ते प्रकाशच्या वडलांपर्यंत यायला. ते सांगितल्याशिवाय कुमुदबाई सांगून होत नाहीत.

आचऱ्यासारखी या गावातही गावपळण होते. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. देवाने होकार दिला की अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथे जेवणं होतात, भजनं होतात, पत्ते पिसले जातात, आणि देवाने परत जायला सांगितलं की गाव पुन्हा घरी येतो. लोक याला सणासारखं घेतात. बाईंनी त्यात दुसरंच काही पाहिलं. खाडी काही प्रयोगशाळेत नेऊन ठेवता येत नाही, पण खाडीतून माणूस काढता येतो, तोही देवाच्या खर्चाने, असं त्या म्हणाल्या. माणूस उठून गेल्यावर बाकीचं सगळं कसं वागतं हे जगात कोणाला बघायला मिळतं? सानेचे डोळे चमकले. माझेही चमकले असणार. गावभर यंत्रं लावायचं ठरलं. आवाज टिपणारी यंत्रं प्रकाशची. त्यातलं एक त्याच्याच घराच्या मागे परसात होतं, तिथून खाडीचं वळण जवळ पडायचं.

प्रकाशचे वडील तात्या तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. छातीने हात टेकले होते, डॉक्टरांनी आता हलवू नका म्हणून सांगितलं होतं. तात्यांची मागणी एकच होती आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, म्हणजे माझ्याही कानावर आली. “माका घरातच मरांदे रे झिला,” असं ते प्रकाशला म्हणत, आणि प्रकाश हो म्हणून त्यांचे पाय चेपत बसे.

आता गावपळणीत त्यांचं काय, हा प्रश्न देवळात निघाला. नियम म्हणजे नियम, पण गावची माणसं काही दगड नव्हेत. देवाचा मानकरी बाळा गावकर, त्याने तात्यांसाठी वेगळा कौल लावला. देवाच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे होकार. तात्या घरात राहतील, सोबत काकी, म्हणजे प्रकाशची आई. चूल नाही, दिवा नाही, जेवण वेशीवरून पोचवायचं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. घरी कळवल्यावर तात्यांनी खाट पडवीत घ्यायला लावली, खाडी दिसावी म्हणून. काकी त्या दिवशी पहिल्यांदाच पोटभर जेवली, असं प्रकाश मला सांगत होता. इतक्यात बाई अंगणात आल्या. देवळात त्या खांबाला टेकून उभ्या होत्याच, सगळं ऐकलं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रकाशला त्यांनी माडाखाली बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “देवान सोडल्यान. मी सोडूचंय नाय.”

“एक म्हातारो, बाई. तो उठणा पण नाय.”

“खोकता मा? एक खोकलो पडलो काय गाव रिकामो नाय. ठरव तू. बापूस घरात ठेवतलस तर प्रबंध पण घरातच ठेव.”

प्रबंध त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता. प्रकाशच्या घरात तो पहिला इतका शिकलेला. बहिणीचं लग्न, घराची डागडुजी, सगळं त्या डिग्रीनंतर मिळणाऱ्या नोकरीवर ढकललेलं. हे बाईंना ठाऊक होतं, दोन्ही घरांचं कुंपण एकच होतं. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, परसातलं एक यंत्र काढून टाकू, खोकला त्यात येणार नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की यंत्र काढल्याने माणूस जात नाही, मांजर त्याच्याकडे येईल, मांजरामागे उंदीर हलतील, उंदरांमागे घुबड, मग मी मोजणार काय? आणि हे बरोबर होतं. त्यांच्या शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होतं, हीच तर आग आहे.

बाळा गावकर तणतणत त्यांच्या दारात गेला. मीही मागोमाग होतो. “कुमदा, देव आयकता गो,” तो म्हणाला, “तू आयकणस नाय.” बाईंनी गालातलं आमसूल काढून अंगणात टाकलं. म्हणाल्या, “देवाक सगळा ठावक आसता. माका शोधूक लागता.” तो निघून गेला. कौल उजवा होता, पण नेऊ नका असं काही देवाने म्हटलं नव्हतं, आणि मुलगाच न्यायला तयार असेल तर गावाने अडवायचं कसं?

तात्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला दोन वासे बांधून नेलं. पुढे प्रकाश. गुरं, पोरं, गाठोडी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, सगळी जत्रा वेशीकडे चाललेली आणि मधोमध हा म्हातारा. “खंय न्हेतास माका?” त्यांनी विचारलं. काकी बाजूने चालत होती, ती म्हणाली, “हवा बदलूक.” तात्यांना समजलं होतं. प्रकाशची मान आधीच खाली होती.

माळावर वारा उघडा. झोपडीला झावळ्यांचा आडोसा केला तरी तो आत यायचाच. तात्यांनी आपली खाट फिरवून घराकडे तोंड करून घेतली. घर दिसत नव्हतं, मध्ये आंब्याची बाग होती, पण ते त्या दिशेला बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजूला पंगती बसल्या होत्या, वाढप चाललं होतं, आणि काकीने त्यांना पेज भरवायला मान उचलली तर ती हातातच लुळी पडली. गावचं स्मशान खाडीला, वेशीच्या आत. देव परत बोलवीपर्यंत तिथे जाता येईना. शेजारच्या गावाने आपलं स्मशान दिलं. जन्मभर ज्या काठावर जाळी सुकवली तो काठ सोडून परक्या गावात तात्या जळले.

बाई झोपडीत आल्या तेव्हा काकी तात्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. बाई जरा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी ही बाई मोडेल. त्यांनी प्रकाशला बाहेर बोलावलं आणि विचारलं, “बॅटरी पुरतली मा रे उद्या?” प्रकाश म्हणाला, “पुरतली, बाई.” नंतर त्या प्रेतामागे अनवाणी, सगळ्यांच्या शेवटी, शेजारच्या गावापर्यंत चालत आल्या. लाकडं रचायला हातही लावला. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर खोटं सांगितल्यासारखं होईल. पण त्याबद्दल त्यांना सूट द्यावी असं मला वाटत नाही.

नंतरचे महिने निष्कर्ष काढण्यात गेले. साने आकडे बघत होता, मी बाजाराचे, प्रकाश कानाला यंत्र लावून रेकॉर्डिंग ऐकत होता. आपल्याच परसातलं. नारळ पडल्याचा आवाज, भारद्वाजाचं घुमणं, खाडीचं चुळबुळणं, आणि मध्ये लांबच लांब काही नाही. त्या जागी खोकला आला असता. तो तेच तेच परत ऐकायचा. एकदा मी त्याला म्हटलं, उठ, चहा घेऊ. त्याने हाताने थांब अशी खूण केली आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

सापडलं काय? काहीही नाही. कावळे गावाबरोबर उठून माळावर उष्ट्यामागे गेले होते, एवढं सोडलं तर खाडी नेहमीसारखीच वागली होती. जे काही चढउतार दिसले ते एरवीही दिसतात, असं सानेने कबूल केलं. त्याचं तोंड उतरलं होतं. बाई मात्र खूश होत्या. काही सापडलं नाही, पण ते किती स्वच्छ सापडलं नाही, असं त्या म्हणाल्या. आणि हे प्रमाण मराठीत म्हणाल्या, म्हणजे शाबासकी होती.

पुढे केंद्रात बाहेरची विद्वान मंडळी आली. कोणी हवामानाचं, कोणी शहरांचं, कोणी रोगांच्या साथींचं काम करणारं. बाईंनी प्रयोग मांडला. साथीवाल्या एका गृहस्थांनी विचारलं की गाव खरंच पूर्ण रिकामा होता का, कारण माणसं कुठे ना कुठे चुकारपणा करतात. त्यांच्या तोंडून ‘कारण’ निघालं तरी बाईंनी त्या दिवशी सोडून दिलं. “प्रकाश, तू सांग,” त्या म्हणाल्या.

प्रकाश उभा राहिला. “पूर्ण रिकामा होता, सर. एकही माणूस आत नव्हता.”

त्या गृहस्थांनी मान डोलावली. इतकी शिस्त आपल्याला कधीच साधली नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी प्रकाशचं अभिनंदन केलं. मी उठून बाहेर गेलो. त्यानंतर केंद्रात माझं जाणं कमी होत होत थांबलंच.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते प्रकाशला डिग्री मिळाली त्या दिवशी. त्याने फोन करून बोलावलं होतं, त्याला नाही म्हणवेना. काकीने घरून खाज्याचा पुडा दिला होता. बाई टेबलापाशी उभ्या होत्या, जरा वाकलेल्या, सदरा तोच. सानेही आला होता. प्रकाश पाया पडला. बाईंनी खाजं तोंडात टाकलं, चावत चावत त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या की आता खरं काम सुरू होतं. “एकदा झाला म्हणजे कायच झाला नाय. फुडच्या गावपळणीक परत करूक व्होया.”

साने हसला, त्याला गंमत वाटली. प्रकाश हो म्हणाला. मग बाईंनी असं काही विचारलं जे त्यांनी माझ्यादेखत आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या घरच्यांची चौकशी त्यांनी केली नव्हती.

“तुझी आवस कशी आसा रे? चलता-फिरता मा?”

सानेचं हसू तिथेच थांबलं. प्रकाशच्या हातात पुडा तसाच उघडा होता.

“बरी आसा, बाई,” तो म्हणाला. “चलतली.”

बाईंनी मान हलवली आणि पुड्यातून आणखी एक खाजं उचललं.